कारण त्यांनी लिहून ठेवले होते : चार्ल्स्टन ते फोर्ट मन्रो

पहिला दिवस : चार्ल्स्टन

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाच्या शार्लट येथील घरातून पहाटे निघून मुलगा, सौ. आणि मी असे तिघेजण दहाच्या सुमारास साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहरात पोहोचलो. अकोल्याच्या एका शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाची कारणे असंख्य वेळा फळ्यावर लिहिली. उत्तर व दक्षिण यांची भिन्न अर्थव्यवस्था, घटक राज्यांचे हक्क, गुलामगिरी आणि लिंकन यांची निवड अशी ती चार कारणे असत. एकेका कारणाला एकेक गुण असल्यामुळे चारही सारख्याच वजनाची आहेत, असा मुलांचा समज होई आणि खरे सांगायचे तर माझाही तोच समज होता. निवृत्तीनंतर मूळ कागदपत्रे वाचण्यास सवड मिळाली, तेव्हा या समजाला तडे गेले. ती कागदपत्रे जेथे लिहिली गेली, ती गावे डोळ्यांनी पाहावीत, एवढाच या आठ दिवसांच्या प्रवासाचा हेतू होता.

‘यादवी’ या आपल्या शब्दाविषयी मला अलीकडे थोडी शंका वाटू लागली आहे. प्रभासक्षेत्री यादव मद्याच्या धुंदीत एकमेकांवर तुटून पडले आणि हाती आलेल्या लव्हाळ्यांनी त्यांनी एकमेकांना मारले. त्या कथेत शाप आहे, पण भांडणाला म्हणावे असे कारण नाही. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेत किमान ६ लाख २० हजार सैनिक मेले, आणि अलीकडचे अभ्यासक हा आकडा साडेसात लाखांपर्यंत नेतात. ते युद्ध मात्र लव्हाळ्यांचे नव्हते. भांडण कशाचे आहे, हे भांडणाऱ्यांनी आधीच कागदावर उतरवून, ठराव करून आणि छापून ठेवले होते.

तो कागद चार्ल्स्टनचा आहे. मीटिंग स्ट्रीटवर जेथे इन्स्टिट्यूट हॉल उभा होता, तेथे आता केवळ एक फलक आहे, कारण मूळ इमारत १८६१ च्या डिसेंबरातील मोठ्या आगीत जळून गेली. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाच्या १६९ प्रतिनिधींनी एकही विरोधी मत न पडता संघराज्यातून बाहेर पडण्याचा ठराव केला आणि त्याच सायंकाळी या सभागृहात त्यावर सह्या झाल्या. चार दिवसांनी त्यांनी या निर्णयाची ‘तात्कालिक कारणे’ सांगणारे निवेदन संमत केले. त्याची छापील प्रत मी घरूनच आणली होती. जवळच्या बागेत एका ओक वृक्षाखाली बसून मी ती मोठ्याने वाचली आणि मुलाने मधूनमधून कायद्याच्या भाषेचा अर्थ सांगितला.

त्या निवेदनातील मुख्य तक्रार ऐकून सौ.लाही हसू आवरले नाही. उत्तरेकडील राज्ये आपल्या राज्यात पळून आलेले गुलाम परत करीत नाहीत, उलट तसे करण्यात अडथळा आणणारे कायदे स्वतःच्या विधिमंडळात संमत करतात, अशी ती तक्रार आहे. अशा राज्यांची नावेही त्यात दिली आहेत. न्यू यॉर्क राज्याने गुलामांसह त्या राज्यातून नुसते जाण्याचा हक्कही नाकारला, असे त्यात म्हटले आहे, आणि काही राज्यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक करून मताधिकार दिला, याचीही नोंद आहे. आयात कराविषयी तेथे एकही तक्रार नाही. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हेच साउथ कॅरोलायनाचे गाऱ्हाणे होते. हा कागद वर्गात असता, तर फळ्यावरचे दुसरे कारण मी तिसऱ्याच्या पोटात लिहिले असते.

दुपारी चामर्स स्ट्रीटवरील जुन्या गुलाम बाजाराची इमारत पाहिली. ती आता संग्रहालय आहे. १८५६ पर्यंत गुलामांचे लिलाव शहरातील जुन्या एक्स्चेंज इमारतीजवळ उघड्यावर होत असत. त्या वर्षी नगरपालिकेने उघड्यावरील लिलावास बंदी केली, म्हणून व्यापाऱ्यांनी गल्लीबोळांत आवारे उभारली आणि त्यांपैकी एका आवाराचा हा उरलेला भाग आहे. दगडगोट्यांच्या अरुंद रस्त्यावरून पाहिले, तर एखाद्या जुन्या वखारीचा दरवाजा वाटावा, असा त्याचा दर्शनी भाग आहे. १८६० च्या जनगणनेप्रमाणे साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या ७,०३,७०८ होती आणि त्यांपैकी ४,०२,४०६ माणसे गुलाम होती. राज्याचा कारभार चालवणारे त्या राज्यातच अल्पसंख्य होते आणि हे त्यांना रात्रंदिवस आठवत असले पाहिजे. १८२२ साली डेन्मार्क व्हीसी या मुक्त कृष्णवर्णीय सुताराच्या कटाचा संशय येताच व्हीसीसह ३५ जणांना फाशी देण्यात आले. त्यानंतर शहराच्या रक्षणासाठी जे शस्त्रागार बांधण्यात आले, त्यातूनच पुढे येथील लष्करी महाविद्यालय निघाले.

सायंकाळी सेंट फिलिप्स चर्चच्या स्मशानभूमीत या राज्याचे सिनेटर जॉन कॅल्हून यांची कबर पाहिली. गुलामगिरी ही नाइलाजाने सोसायची अनिष्ट गोष्ट नसून ती प्रत्यक्ष हितकारक आहे, असे त्यांनी १८३७ साली सिनेटमध्ये सांगितले होते. मॅरियन चौकातील त्यांचा उंच स्तंभावरचा पुतळा जून २०२० मध्ये उतरवण्यात आला. त्या हिरवळीवर आता मुले चेंडू खेळत होती.

दुसरा दिवस : फोर्ट सम्टर

सकाळच्या पहिल्या बोटीने सुमारे अर्ध्या तासात बंदराच्या तोंडावरील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर गेलो. पहिल्या फेरीच्या प्रवाशांना ध्वज उभारण्यास हातभार लावता येतो. सौ.ने मोठ्या हौसेने दोरी धरली आणि वाऱ्याने तिचा पदर उडून शेजारच्या गृहस्थांच्या तोंडावर गेला, म्हणून त्यांच्याशी ओळख झाली. हे वयोवृद्ध गृहस्थ साउथ कॅरोलायनाचेच होते आणि त्यांचे खापरपणजे दक्षिणेच्या सैन्यात होते. ते अतिशय सौजन्याने म्हणाले की, आमच्या घरी एकही गुलाम नव्हता, तेव्हा आमचे खापरपणजे गुलामगिरीसाठी कसे लढले असतील? ते आपल्या राज्यासाठी लढले.

हा प्रश्न मला टाळण्यासारखा वाटत नाही. संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या अकरा राज्यांत मिळून सुमारे एक तृतीयांश गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते, तर साउथ कॅरोलायनात हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. म्हणजे गुलाम नसलेली कुटुंबे अनेक होती आणि त्यांच्या मुलांनीही बंदुका उचलल्या. एखादा शिपाई गावासाठी लढतो, भावासाठी लढतो किंवा सक्तीच्या भरतीमुळे लढतो. पण शिपायाचे कारण आणि राज्याचे कारण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. युद्ध पुकारणाऱ्या राज्यांनी स्वतःचे कारण लिहून दिले आहे आणि शिपायाला त्यावर सही करण्यास कोणी बोलावले नव्हते. मी हे सारे त्या गृहस्थांना सांगितले नाही, कारण बोट परतण्याची वेळ झाली होती आणि पाहुण्याने यजमानाच्या खापरपणज्यावरून वाद घालू नये, अशी माझ्यावर शिकवण आहे.

किल्ला कृत्रिम बेटावर उभा असून त्याचे काम १८२९ साली सुरू झाले. भिंतींच्या विटा चार्ल्स्टनच्या परिसरातील भट्ट्यांत गुलामांनी थापल्या. त्या काळच्या चार्ल्स्टनच्या विटांवर कधीकधी थापणाऱ्याच्या बोटांचे ठसे दिसतात, लहान मुलांचेही. काही भिंतींत युद्धकाळातील तोफगोळे आजही रुतून बसलेले आहेत.

लिंकन ६ नोव्हेंबर १८६० रोजी निवडून आले, तेव्हा त्यांना एकूण मतांपैकी सुमारे ४० टक्के मते मिळाली होती आणि दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाही नव्हती. ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तेथे हात लावणार नाही, मात्र पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. एवढ्यावरून देश का फुटावा, असे विद्यार्थी मला विचारत आणि माझ्याकडे समाधानकारक उत्तर नसे. आता असे वाटते की, गुलामगिरीचा प्रसार थांबवला की ती आतून पोखरली जाईल, हे मळेवाल्यांना नीट कळत होते. कापसाने जमिनीचा कस जाई, म्हणून नवी जमीन हवी असे. नव्या जमिनीला गुलाम लागत, म्हणून जुन्या राज्यांतील गुलामांना भाव येई, आणि नवी गुलामीची राज्ये संघात आली नाहीत, तर सिनेटमधील तोल कायमचा जाई. ४० लाखांच्या आसपास माणसे ही त्यांची मालमत्ता होती आणि तिची किंमत देशातील सर्व रेल्वे व कारखाने यांच्या एकत्रित भांडवलापेक्षा अधिक मानली जाते. एवढी मालमत्ता ज्यांच्या वहीत आहे, त्यांना प्रदेशांचा प्रश्न दूरचा वाटला नाही.

१२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचार वाजता किनाऱ्यावरील दक्षिणी तोफांनी मारा सुरू केला आणि तो सुमारे ३४ तास चालला. त्या माऱ्यात एकही माणूस मेला नाही. किल्ला सोडताना ध्वजाला सलामी देत असता दारूचा अपघाती स्फोट झाला आणि त्यात पहिला सैनिक मेला.

परतीच्या बोटीतून बंदराकडे पाहताना मला रॉबर्ट स्मॉल्स आठवत होते. दक्षिणेच्या सैन्यासाठी चालणाऱ्या ‘प्लँटर’ या आगबोटीवर ते गुलाम म्हणून सुकाणू धरीत. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असता त्यांनी ती बोट काढली, वाटेत आपली बायकामुले घेतली, कप्तानासारखी टोपी घालून आणि ठरलेल्या खुणेच्या शिट्या देऊन याच किल्ल्याच्या तोफांखालून ती पुढे नेली आणि बाहेर नाकेबंदी करून उभ्या असलेल्या उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. पुढे ते अमेरिकेच्या काँग्रेसचे सदस्य झाले. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हते.

तिसरा दिवस : सव्हाना

दोन तासांच्या प्रवासानंतर जॉर्जिया राज्यातील सव्हाना हे शहर लागले. चौकाचौकांत बागा आणि झाडांवरून लोंबणारे करडे शेवाळ यांमुळे ते इतके देखणे दिसते की, येथे येण्याचे कारण विसरायला होते. २१ मार्च १८६१ रोजी, म्हणजे सम्टरवर तोफ डागण्याच्या तीन आठवडे आधी, दक्षिणेच्या नव्या राष्ट्राचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी येथील एका सभागृहात भाषण केले. थॉमस जेफर्सन आणि अमेरिका घडवणाऱ्या त्यांच्या पिढीला गुलामगिरी तत्त्वतः चुकीची वाटत होती, पण ती पिढीच चुकली होती, असे ते म्हणाले. आमच्या नव्या शासनाची कोनशिला या महान सत्यावर टेकलेली आहे की, निग्रो हा गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा नाही आणि वरिष्ठ वंशाच्या अधीन राहणे हीच त्याची स्वाभाविक स्थिती आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. युद्ध हरल्यावर तीनच वर्षांत याच स्टीव्हन्स यांनी जाडजूड ग्रंथ लिहून हा झगडा राज्यघटनेच्या अर्थाचा होता, असे प्रतिपादन केले. दोन्ही विधानांच्या मध्ये काय घडले असेल, हे समजण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही.

शहराबाहेरील जुन्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ एक फलक आहे. २ आणि ३ मार्च १८५९ रोजी पिअर्स बटलर या मालकाने कर्ज फेडण्यासाठी येथे ४०० हून अधिक माणसे विकली. दोन्ही दिवस मुसळधार पाऊस पडत होता आणि त्या लिलावाला तेथील कृष्णवर्णीय लोक ‘रडण्याची वेळ’ म्हणतात. विकली गेलेली माणसे आदल्या काही दिवसांत शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली होती. या एका वाक्यावर सौ. बराच वेळ थांबली आणि मग, ‘अहो, चला इथून,’ एवढेच म्हणाली.

दुपारी मॅडिसन चौकातील ग्रीन यांचा वाडा पाहिला. हे ग्रीन कापसाचे मोठे व्यापारी होते. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचे सेनापती शर्मन यांनी सव्हाना घेतले आणि शहर, तोफा व सुमारे २५ हजार कापसाच्या गाठी नाताळची भेट म्हणून स्वीकाराव्यात, अशी तार लिंकनना केली. शर्मन यांचा मुक्काम याच वाड्यात होता. १२ जानेवारी १८६५ रोजी त्यांनी वरच्या मजल्यावर शहरातील वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून प्रश्न विचारले. सर्वांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझर यांनी उत्तरे दिली. त्यांनी आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर मोजून स्वतःला व पत्नीला विकत घेऊन सोडवले होते. गुलामगिरी म्हणजे काय, या प्रश्नावर ते म्हणाले की, दुसऱ्याचे श्रम त्याच्या संमतीवाचून, त्याला प्रतिकार करता येणार नाही अशा बळाने घेणे म्हणजे गुलामगिरी. इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. चार दिवसांनी शर्मन यांनी किनाऱ्याची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा आदेश काढला आणि त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षांनी ती जमीन जुन्या मालकांना परत दिली.

रात्री मुलाने जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’चा विषय काढला. १८७३ च्या त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका जोतीरावांनी इंग्रजीत लिहून अमेरिकेतील त्या सज्जनांना वाहिली, ज्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे स्वतःची आहुती दिली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना मुक्त करावे, अशी त्यांची इच्छा होती. पुण्यात बसून त्यांनी त्या युद्धाचे कारण नेमके ओळखले होते. मात्र १८७३ साली त्या सज्जनांचा उत्साह ओसरत चालला होता आणि चार वर्षांत दक्षिणेतून उत्तरेचे उरलेसुरले सैनिकी संरक्षणही काढून घेण्यात आले.

चौथा दिवस : जॉर्जियाचे कापसाचे रान

सव्हानाहून अलाबामातील माँटगोमेरीपर्यंतचा सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता आम्ही मुद्दाम लहान गावांतून घेतला आणि दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस दिसू लागला. माझे बालपण वऱ्हाडातील पऱ्हाटीत गेले. त्यामुळे गाडी थांबवून बांधावर उतरल्याशिवाय राहवले नाही. येथे वेचणीपूर्वी औषध फवारून झाडाची पाने गाळतात, म्हणून नुसती काळी बोखाडे आणि त्यांवर फुटलेली पांढरी बोंडे क्षितिजापर्यंत दिसत होती. वेचणी करणारे एकच यंत्र रानात फिरत होते आणि मागे पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले प्रचंड गोल गठ्ठे टाकीत होते. माणूस एकच दिसला आणि तो यंत्राच्या काचेआड होता.

या कापसात सरकी धाग्याला घट्ट चिकटलेली असते आणि हाताने ती सोडवायची तर एका माणसाचा दिवस पाव-अर्ध्या किलोत जाई. १७९३ साली एली व्हिटनी यांनी सव्हानाजवळच्या एका मळ्यावर रेचा तयार केला आणि ही अडचण संपली. यंत्राने श्रम वाचतात, असे आपण मुलांना शिकवतो. येथे उलटे झाले. रेचणे स्वस्त झाल्याने लागवड वाढली आणि वेचणीला माणसे कमी पडू लागली. १७९० साली देशात सुमारे सात लाख गुलाम होते, ते १८६० पर्यंत ३९ लाख ५३ हजारांवर गेले. त्या वर्षी सुमारे ४० लाख गाठी कापूस निघाला आणि देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचे होते. रोज संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तोलला जाई आणि तूट निघाली तर फटके बसत. आमच्याकडे काट्यावर मोजमाप झाले की किलोमागे मजुरी पदरात पडते आणि त्यावरूनही बायांची व मालकाची रोज हुज्जत होते. हुज्जत घालता येणे हा केवढा मोठा हक्क आहे, हे त्या बांधावर उभे असताना प्रथमच माझ्या ध्यानात आले.

‘कापूस राजा आहे’ असे साउथ कॅरोलायनाचे सिनेटर हॅमंड यांनी १८५८ साली गर्जून सांगितले होते आणि इंग्लंड कापसाविना जगू शकणार नाही, हा दक्षिणेचा मोठा भरवसा होता. तो भरवसा मोडण्यात आमच्या भागाचा काही हात आहे. लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला कधी न मिळालेला भाव मिळाला. मुंबईत त्या पैशाने शेअरांचे वेड माजले आणि बॅक बे भरणीच्या कंपनीच्या शेअरसाठी लोकांनी घरे गहाण टाकली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण गेल्याची बातमी आली आणि तो सारा डोलारा कोसळला. युद्ध संपले म्हणून मुंबईत रडारड झाली, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

वाटेत अँडरसनव्हिल येथे थांबलो. दक्षिणेच्या या युद्धकैद्यांच्या छावणीत सुमारे ४५ हजार उत्तरी सैनिक ठेवले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ १३ हजार मेले. पूर्वी दोन्ही बाजू कैद्यांची अदलाबदल करीत. उत्तरेने कृष्णवर्णीय पलटणी उभारल्यावर त्यांतील पकडलेल्या सैनिकांना सैनिक मानण्यास दक्षिणेने नकार दिला आणि ती अदलाबदल मोडली. खेटून उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या दगडांच्या रांगा म्हणजेही त्याच एका कारणाचे पोट आहे.

पाचवा दिवस : माँटगोमेरी

येथील विधिमंडळाच्या पायऱ्यांवर पितळी तारा बसवलेला आहे. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी तेथे उभे राहून जेफर्सन डेव्हिस यांनी दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तेथून हाकेच्या अंतरावर ते चर्च आहे, ज्याचे पाळक १९५४ ते १९६० या काळात मार्टिन ल्यूथर किंग होते. हे दोन बिंदू एका नजरेत मावतात.

११ मार्च १८६१ रोजी या शहरात दक्षिणेची राज्यघटना संमत झाली. ती जुन्या अमेरिकन घटनेची जवळजवळ नक्कल आहे, पण जुन्या घटनेत ‘गुलाम’ हा शब्द येऊ दिलेला नव्हता. तेथे ‘अन्य व्यक्ती’ अशी आडवळणाची भाषा आहे. दक्षिणेच्या घटनेने तो संकोच सोडला आणि निग्रो गुलामांवरील मालमत्तेचा हक्क नाकारणारा किंवा कमी करणारा कायदा काँग्रेसला करता येणार नाही, असे कलमच घातले. मिसिसिपीच्या निवेदनातील दुसरेच वाक्य असे आहे की, आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे आणि ती जगातील सर्वांत मोठी भौतिक हिताची बाब आहे. मुलगा वकिली पद्धतीने म्हणाला, ‘बाबा, आरोपीचा कबुलीजबाब असताना साक्षीदार कशाला तपासायचे?’

न्याय व शांततेच्या राष्ट्रीय स्मारकात ८०० हून अधिक पोलादी स्तंभ छताला टांगलेले आहेत. एकेका स्तंभावर एकेका परगण्याचे नाव आणि तेथे जमावाने ठार केलेल्या कृष्णवर्णीयांची नावे आहेत. चालत गेले की जमीन उतरत जाते आणि स्तंभ डोक्यावर येतात. त्याबद्दल मला याहून अधिक लिहिता येत नाही.

सहावा दिवस

दिवसभर मोटारीत बसून शार्लटला परतलो. सौ.ने पिठले-भात केला आणि आम्ही तिघेही न बोलता जेवलो.

सातवा दिवस : रिचमंड

व्हर्जिनिया सम्टरच्या आधी संघराज्यात टिकून होती. लिंकन यांनी सैन्य बोलावल्यावर ती फुटली आणि रिचमंड दक्षिणेची राजधानी झाले. व्हर्जिनियाचे हित वेगळ्या प्रकारचे होते. तेथील तंबाखूची जमीन थकली होती आणि १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी होती. म्हणून माणसे पैदा करून दक्षिणेकडे पाठवणे हाच मोठा धंदा झाला. शॉको बॉटम या नदीकाठच्या भागात रॉबर्ट लम्पकिन याचे बंदिगृह होते आणि कैदी त्याला ‘सैतानाचा अर्धा एकर’ म्हणत. आता तेथे महामार्गाच्या कडेला हिरवळ आणि फलक आहेत. युद्धानंतर त्याच इमारतीत मुक्त झालेल्यांची शाळा भरली आणि तिचे पुढे विद्यापीठ झाले.

ट्रेडेगर या लोखंडाच्या कारखान्याच्या आवारात यादवी युद्धाचे संग्रहालय आहे. दक्षिणेच्या तोफा येथे ओतल्या जात आणि भट्टीवर गुलामांनाही राबवले जाई. जानेवारी १८६५ मध्ये सैनिक संपत आले, तेव्हा गुलामांना शस्त्रे द्यावीत, असा विचार रिचमंडमध्ये निघाला. त्यावर जॉर्जियाचे हॉवेल कॉब यांनी लिहिले की, गुलाम जर चांगले सैनिक ठरणार असतील, तर गुलामगिरीविषयीचा आपला सारा सिद्धान्तच चुकीचा आहे. एवढा सरळ विचार मला त्यांच्या बाजूच्या लिखाणात क्वचितच आढळला. मार्चमध्ये कायदा झाला आणि ३ एप्रिलला शहर पडले. तोपर्यंत उत्तरेच्या बाजूने जवळजवळ १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले होते.

आठवा दिवस : फोर्ट मन्रो

जेम्स नदी समुद्राला मिळते त्या टोकावर खंदकाने वेढलेला हा दगडी किल्ला आहे. ऑगस्ट १६१९ मध्ये याच टोकाला एक इंग्रजी जहाज लागले आणि पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली अंगोलाची ‘वीस आणि काही’ माणसे त्याने अन्नाच्या बदल्यात दिली. व्हर्जिनियातील गुलामगिरीची गोष्ट तेथून सुरू होते. युद्ध हरल्यावर जेफर्सन डेव्हिस यांना कैदेत ठेवले तेही येथेच, आणि ती खोली पाहायला मिळते. मी मात्र किल्ल्याच्या दक्षिणेकडील तटावर अधिक वेळ काढला, कारण तेथून सेव्हेल्स पॉइंटकडचे पाणी दिसते.

उत्तर सुरुवातीला गुलाम सोडवण्यासाठी लढत नव्हती, हे खरेच आहे. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही गुलामीची चार राज्ये तिच्याच बाजूला होती आणि त्यांना दुखवण्याची लिंकन यांची तयारी नव्हती. एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचवता आले, तर तसे करीन, असे त्यांनी ऑगस्ट १८६२ मध्येही लिहिले. तेव्हा दक्षिण कशासाठी फुटली आणि उत्तर कशासाठी लढली, या दोन प्रश्नांची उत्तरे १८६१ साली एक नव्हती. ती एक होण्याची सुरुवात या पाण्यावर झाली.

२३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटण्याच्या ठरावाला मान्यता दिली. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एका लहान होडीतून वल्हवत पलीकडून या किल्ल्यावर आले. त्यांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधण्याच्या कामाला जुंपले होते. किल्ल्याचे नवे सेनापती बेंजामिन बटलर हे मॅसेच्युसेट्सचे वकील होते आणि गुलामगिरीचे विरोधक म्हणून त्यांची मुळीच ख्याती नव्हती. आदल्या वर्षी चार्ल्स्टनच्या पक्षाधिवेशनात त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जेफर्सन डेव्हिस यांच्या बाजूने ५७ वेळा मत दिले होते. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरे निशाण घेऊन आला आणि पळून आलेले गुलाम परत करण्याचा कायदा त्याने पुढे केला. बटलर म्हणाले की, व्हर्जिनिया आता परका देश आहे असे तुम्हीच म्हणता, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? ही माणसे शत्रूच्या उपयोगाची मालमत्ता आहेत, म्हणून युद्धातील जप्तीचा माल समजून मी ती ठेवून घेतो. चार्ल्स्टनच्या निवेदनातील मुख्य तक्रार येथे अशी उलटली. पळालेला गुलाम परत मिळावा म्हणून ते संघातून निघाले होते आणि निघाल्यामुळेच तो मागण्याचा हक्क त्यांनी गमावला.

‘माल’ हा शब्द कानाला टोचतो. पण त्या तिघांनी शब्दांची वाट पाहिली नव्हती. पुढच्या रविवारी आणखी आठ जण आले आणि सोमवारी कुटुंबेच्या कुटुंबे आली, म्हातारी माणसे आणि कडेवरची मुले घेऊन. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसला जप्तीचा कायदा करावा लागला आणि युद्ध संपेपर्यंत हजारो माणसे या किल्ल्याच्या आश्रयाला आली.

पलीकडे सेव्हेल्स पॉइंटवर आता आरमाराचा मोठा तळ आहे आणि करड्या लढाऊ जहाजांची रांग दिसत होती. सौ.ने अंतर किती असेल, असे विचारले. मुलाने फोनवर पाहून सुमारे पाच किलोमीटर सांगितले. रात्रीची वेळ, भरती-ओहोटीचे पाणी आणि वल्ह्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही, असे ती स्वतःशीच मोजत राहिली.

मी माझ्या कागदांतून बटलर यांचे २७ मेचे पत्र काढले. ते त्यांनी वॉशिंग्टनला सरसेनापतींना लिहिले आहे. काम करणारे पुरुष युद्धसामग्री म्हणून ठेवता येतात, पण काम न करणाऱ्यांचे काय, हा त्यांच्यापुढे पेच होता. त्यात त्यांनी विचारले आहे : बापाची आणि आईची सेवा मी घ्यावी आणि त्यांची मुले मात्र घेऊ नयेत, हे मला करता येईल काय?